चेंडू टेकवायची सवय

मी दुबईला निघालो त्या दुपारी बाबा समुद्रावरून अजून आले नव्हते. रिक्षा दारात, बॅग रिक्षात, आई बॅगेत सुक्या बोंबलांची आणखी एक पिशवी कोंबतेय, आणि रिक्षावाला बोईसरची गाडी चुकेल म्हणून हॉर्नवर हॉर्न मारतोय. मी तसाच किनाऱ्याकडे पळालो. आमची होडी नुकती लागत होती. बाबा उतरले, गुडघाभर पाण्यातून चालत आले, कोरड्या वाळूशी वाकले, उजवा तळवा जमिनीला टेकवला आणि कपाळाला लावला. तोपर्यंत ते कुणाशी बोलत नाहीत. हात टेकला की माणूस परत आला, असा आमच्या घरातला हिशेब. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चाललास? जमिनीला पाय लागले का फोन कर." आणि ओल्या हाताने पाठीवर थाप दिली. शर्टावर उमटलेला पंजा विमानतळापर्यंत वाळला. मागे मिठाचा पांढरट डाग राहिला.

चिंचणीतल्या माझ्या माणसांनो, आणि तिथून माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांनो, हे लिहायला बसलोय कारण दर फोनला तुम्ही एकच विचारता, "दिन्या, तू नक्की खेळतोस काय रे?" फुटबॉल म्हटलं की तुम्हाला गोल चेंडू दिसतो. मी गोल चेंडू शेवटचा आपल्या वाळूवर लाथाडला.

नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. मग तारापूरच्या एका कंपनीत हेल्पर. सुपरवायझर दिवसभर ओरडायचा, "अबे हेल्मेट पहन, ऊपर जाना है क्या?" दुबईला मैदानावर काम आहे असं कळलं तेव्हा मला इतकंच बरं वाटलं, की डोक्यावर ते तापलेलं प्लास्टिक नसेल.

मैदान अंडाकृती होतं. पाणी मारायचं, गवत कापायचं, कडेने पांढरी रेघ ओढायची. संध्याकाळी तिथे ऑस्ट्रेलियाची माणसं त्यांचा फुटबॉल खेळायला यायची. चेंडू लाल, लांबट, अंड्यासारखा. हातात घेऊन पळायचं, लाथेने उडवायचा, उंच उडी मारून झेलायचा. गोलच्या खांबांच्या मागे गेलेला चेंडू मी अनवाणी पायाने परत मारायचो. एकदा ब्रेट नावाचा त्यांचा कोच, एरवी वायरमनचं काम करणारा दाढीवाला माणूस, खेळ थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, चुकलं काहीतरी, आता नोकरी गेली. तो म्हणाला, "उद्या बूट घालून ये." मी म्हटलं, बूट नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचे जुने आणले. मोठे होते. दोन मोजे चढवून मी ते घातले, आणि पुढची काही वर्षं तेच माझं सगळं वैभव होतं.

त्या खेळात एक नियम आहे, तो तुम्हाला सांगायलाच हवा. चेंडू घेऊन हवं तितकं पळा, पण मधूनमधून तो जमिनीला टेकवायचा. नाही टेकवला तर चेंडू गेला. लांबट चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसतो, म्हणून ब्रेट मला पळवून पळवून हेच घोटून घ्यायचा. "टेकव! टेकव!" पुढे पुढे माझा हातच आपसूक खाली जायला लागला. डोक्याला विचारायची गरजच उरली नाही. सगळं मैदान आपलं, पाय थांबत नाहीत, श्वास पुरत नाही, आणि पुढच्या सामन्याची काळजी करायला वेळही नाही. माझ्यासारख्या घाबरटाला याहून चांगलं काय मिळणार होतं?

मग ते मैदान बांधकामाला गेलं. संघ फुटला, ब्रेट मायदेशी निघाला. माझी नोकरी मैदानाची, व्हिसा नोकरीला बांधलेला. म्हणजे मैदानाबरोबर मीही गेल्यात जमा. जाण्याआधी ब्रेट मला मार्कसकडे घेऊन गेला. मार्कस अमेरिकन, एका शाळेत शिकवतो, आणि शाळेच्याच मैदानावर त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा संघ चालवतो. ब्रेट एवढंच म्हणाला, "याची लाथ बघ." मार्कसने बघितली. मग म्हणाला, "सराव सामन्यांत टिकलास, तर मैदानाच्या कामावर घ्या असं मी शाळेला सांगतो."

हा खेळ वेगळाच. मैदान चौकोनी, आखीवरेखीव, शाळेच्या वहीसारखं. ज्या रेघांतून मी नववीत पळालो त्याच समोर. आणि डोक्यावर हेल्मेट! घातलं तेव्हा कानात तारापूरचा सुपरवायझर ओरडला. चेंडू तसाच लांबट, पण तपकिरी आणि टाके घातलेला. आपल्या संघाला पुढे सरकता येईना, की मला हाक मारतात. एक जण वाकून पायांमधून चेंडू मागे फेकतो, मी झेलून लाथेने शक्य तितका लांब उडवतो, आणि पुन्हा कडेला येऊन उभा. दोन-तीन श्वासांचं काम. बाकी सगळा वेळ नुसतं थांबायचं. पायांना ते कळत नाही. ते जागच्या जागी वळवळत राहतात. आणि डोक्याला काळजी करायला आता वेळच वेळ.

पहिल्याच सराव सामन्यात घोटाळा झाला. चेंडू आला, पण समोरून चार रेडे माझ्या अंगावर. लाथ मारायला जागाच नाही. मी घाबरलो आणि जे येत होतं ते केलं. पळालो. बाजूने निसटलो, समोर मोकळं मैदान, माझी माणसं ओरडतायत, आणि माझा हात खाली गेला. चेंडू मी जमिनीला टेकवला.

या खेळात हातातून सुटलेला चेंडू ज्याला सापडेल त्याचा. तो उसळला आणि समोरच्याने त्यावर झडप घातली.

मार्कस जवळ आला. "हे काय होतं?"

"नियम," मी म्हटलं.

"कुठला नियम?"

"जुना."

तो हसला असता तर बरं झालं असतं. "शुक्रवारी शेवटचा सराव सामना," एवढंच बोलून गेला.

खोलीवर माकुणसार गावचा रव्या राहतो माझ्याबरोबर. तो म्हणाला, "बॅग भरू काय तुझी? बोंबील मात्र ठेवून जा." मी हसलो नाही. नववीत सोडलं तसं आताही सुटणार, हेच डोक्यात. घरी फोन लावला. लावायचा नव्हता, पण लावला. बाबांना सगळं सांगितलं, पहिल्या खेळात टेकवावंच लागतं, दुसऱ्यात टेकवून चालत नाही, आणि हात ऐकत नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पयला खेळ बरा व्हता."

"तो संपला, बाबा."

"मंग असं कर. हाताला टेकायचं हाय ना? तर आधीच टेकव त्याला. चेंडू यायच्या आधी. मंग नाय मागायचा तो."

मागून आई ओरडली, "त्याला सांगा, घरी ये. खेळ काय, हितं पन हाय!"

शुक्रवारी हाक आली तेव्हा मी आत पळालो, माझ्या जागेवर वाकलो आणि उजवा तळवा जमिनीला टेकवला. खोटं गवत, खाली रबर, त्याखाली वाळू. कपाळाला लावणार होतो, पण हेल्मेट होतं. हेल्मेटलाच लावला. कुणीतरी हसलं. चेंडू आला, रेडे आले, आणि हात चेंडू पायावर सोडण्यापुरता खाली गेला, तेवढाच. चेंडू किती वर गेला ते मी बघितलं नाही. लोकांच्या माना वर गेलेल्या बघितल्या.

सामना संपल्यावर मार्कसने शाबासकी वगैरे दिली नाही. म्हणाला, "सोमवारी शाळेत ये. पासपोर्ट घेऊन."

आता त्या शाळेचं मैदान मीच आखतो, सरळ रेघांचं. व्हिसाची मुदत दरवेळी जवळ येतेच, म्हणून बॅग मी पुरती कधी रिकामी करत नाही. तुम्ही विचारता, तिथे करमतं का? खरं सांगू, इथे करमत नाही आणि घरी आलो की चौथ्या दिवशी पाय वळवळायला लागतात. ब्रेटचे बूट कपाटात आहेत, फाटलेत, टाकवत नाहीत. घर कुठे असं आता कुणी विचारलं तर मला एवढंच सुचतं, की पळताना जिथे हात खाली जातो, ते.

मागच्या सुट्टीत आलो तेव्हा बाबा होडीवर गेले नव्हते. रिक्षातून उतरून मी थेट किनाऱ्यावर गेलो. ते कोरड्या वाळूत उभे होते. मी हाक मारली, "बाबा!" उत्तर नाही. जवळ गेलो, "बरे हाव ना?" तरी गप्प. नुसते माझ्या हाताकडे बघत होते.

मग माझ्या लक्षात आलं. मी वाकलो, तळवा वाळूला टेकवला आणि कपाळाला लावला.

"हां," बाबा म्हणाले, "आता बोल."