राजन्नाच्या गिरणीचं मागचं दार

एका मंगळवारी भर दुपारी मी नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावात कडुनिंबामागे लपलो होतो... आणि दुसऱ्याच्या गिरणीपुढचे डबे मोजत होतो. गोष्ट ऐंशी-नव्वदच्या मधली. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला, दोन पोरींचा बाप, पण लाज वाटली नाही.

गावात पिठाच्या दोनच गिरण्या होत्या, एक माझी आणि एक राजन्नाची. दोघांचा भाव सारखा. भांडण नव्हतं, फार येणंजाणंही नव्हतं. त्याची मुलं हे वाचतील, म्हणून जपून लिहितोय.

मग हायवेला तिसरी गिरणी आली. बाहेरगावचा शेठ, नवीन मोठी मोटर, आणि दळणाचा भाव आमच्या निम्मा! दोन पोरी शाळेत होत्या आणि घर सगळं त्या गिरणीवर चालत होतं.

मी घाईघाईने भाव उतरवला. राजन्नाने मात्र एक पैसा कमी केला नाही... मला तिथेच संशय आला. आग लागलीय आणि हा शांत बसलाय, म्हणजे शेठला आतून मिळालेला असणार.

कमी भावात परवडायचं तर दळण जास्त निघायला हवं. म्हणून मी मशीन दामटायला लागलो. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना छिन्नीने टाकी मारावी लागते, आणि त्यासाठी गिरणी अर्धा दिवस बंद ठेवावी लागते. अर्धा दिवस बंद ठेवली तर तेवढ्यात गिऱ्हाईक पळेल, या भीतीने मी कितीतरी महिने टाकी मारलीच नाही.

तरी गिऱ्हाईक कमीच होत गेलं... शेठकडे गेलं असतं तर समजलो असतो. पण बायका राजन्नाकडे जात होत्या, आणि तेही जास्त पैसे देऊन! हा माणूस माझ्याबद्दल काहीतरी पसरवतोय, मी मूठभर पीठ काढून ठेवतो वगैरे, असं मी मनात पक्कं केलं.

कारण माझ्या पिठात खोट नाही, याची मला खात्री होती. दोन वेळा मीच ते खात होतो ना... ताटात भाकरी कशी, मऊ, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली.

माझी बायको वच्छला एकदा म्हणाली होती, "पीठ लय गरम निघून राह्यलं तुमचं." मी फाडकन बोललो, "हे तुला राजन्नानं शिकवलं काय?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

तर त्या मंगळवारी मी डबे मोजत होतो. सात झाले. तेवढ्यात रांगेतल्या गंगूबाईने मला पाहिलं.

"अवं मालक, तुमीबी दळण आणलं का? मंग झाडामागं काऊन? या, नंबर लावा!"

सगळ्या बायका खो खो हसल्या. मी काहीतरी पुटपुटलो आणि तोंड लपवायला गिरणीच्या बाजूने मागच्या गल्लीत शिरलो... आणि थबकलो. मागच्या दारात राजन्ना उभा, भुवयांवर पीठ, आणि त्याच्या हातातून डबा घेत होती आमची वच्छला!

माझ्या मनात त्या एका क्षणात काय काय आलं, ते लिहीत नाही.

"घरची गिरणी सोडून इथं?" मी ओरडलो.

"हळू बोला. तिकडं बाया हायेत," ती म्हणाली. "तुमच्या पिठाची भाकर थापता थापता फाटते. विरीच गेली त्याची, चिकटपणाच राह्यला नाही. दगड तापून पीठ जळून राह्यलं."

"मग मी रोज खातो ते?"

"ते इथलं. तुमचं म्हशीला घालते."

राजन्ना म्हणाला, "दादा, आत या, चहा घ्या." मी गेलो नाही. इतके दिवस राजन्नाचंच पीठ खाऊन मी राजन्नालाच शिव्या घालत होतो...

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून टाकी मारली. भाव पहिल्यासारखा केला. बायका लगेच आल्या नाहीत, पण हळूहळू आल्या. भाकरीच्या गावात नुसता भाव उतरवून भागत नाही, हे शेठलाही कळलं असावं. दोनेक वर्षांत तो मशीन उचलून मंचेरियलकडे गेला.

पण मला एक गोष्ट टोचत राहिली. 'त्याची बायकोच माझ्याकडे दळते', एवढं एक वाक्य राजन्ना गावात बोलला असता तर माझी गिरणी त्याच आठवड्यात बसली असती. तो बोलला नाही. का? यात त्याचा काय डाव होता?

शेवटी न राहवून एकदा विचारलंच. तो हसला.

"दादा, तुमची बंद पडली असती तर शेठच्या समोर मी एकटाच राह्यलो असतो. दोघं होतो म्हणून त्याला जड गेलं."

चोख धंद्याचं उत्तर. मला पटलंही... घरी येऊन वच्छलाला सांगितलं, तर ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मी समोरूनच चालली होती. त्यानंच हात करून थांबवलं. म्हणे, वैनी, मागून येत जा, दादाच्या गिरणीचं नाव खराब होईल."

राजन्ना आता नाही. जन्मभर मी लोकांच्या वाईटपणाचा संशय घेत आलो, आजही घेतो, सवय जात नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला एखाद्याच्या चांगुलपणाचा संशय आला... आणि तो मी कधी तपासायला गेलो नाही.