दोन धारांचं पाणी

एर्सिलियाने आयुष्यभर पाद्र्यांच्या झग्यांना बटणं लावली. एका झग्याला तेहतीस. रोममधल्या पँथिऑनच्या मागे ज्या दुकानात ती विसाव्या वर्षी सुईदोरा घेऊन बसली, तिथूनच साठीला उठली. तोवर अशी गत झाली होती, की रस्त्यात एखादा बिशप दिसला की चेहऱ्याआधी तिला त्याचं पोट आठवायचं, आणि त्यावरचं कुठलं बटण कधी तुटलं होतं तेही. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "पुरुषांचे कपडे इतके शिवले, की आत कोण आहे ते बघायची हौसच उरली नाही."

ही थाप आहे, हे फक्त तिची धाकटी बहीण क्लेलिया जाणून होती. विसाव्या वर्षी एर्सिलिया ग्वाल्तिएरो नावाच्या कुरळ्या केसांच्या मुलाबरोबर त्रेव्हीच्या कारंज्यावर गेली होती. मोठ्या कारंज्याच्या उजव्या अंगाला एक लहानशी दगडी कुंडी आहे. तिच्यात दोन बारीक धारा एकमेकींना छेदून पडतात. जोडीने एकदम प्यायलं की दोघं जन्मभर एकमेकांची राहतात, असं रोममध्ये सगळे मानतात, न मानणारेसुद्धा. ती प्यायली, तो प्यायला आणि समुद्रापलीकडच्या ब्वेनोस आयरेसच्या बोटीत चढला. सहा महिन्यांनी पत्र आलं. अक्षर त्याच्या बायकोचं होतं.

त्यानंतर बेचाळीस वर्षं एर्सिलिया त्या चौकात फिरकली नाही. झगे पोचवायला पलीकडे जायचं असलं तरी मागच्या गल्ल्यांतून वळसा घालून जायची.

आणि आता हा नाझारेनो. तिच्याहून चार वर्षांनी मोठा, निवृत्त ट्रामचालक, विधुर, गार्बातेल्ला वस्तीतल्या तिच्याच इमारतीत शेजारच्या जिन्यात राहणारा. दोन वर्षं तो तिला बाजारातून आर्टिचोकची भाजी आणून देत होता आणि ती त्याच्या शर्टांच्या विरलेल्या कॉलरी उलटून शिवून देत होती. बोलणं मात्र अहो-जाहोच. रविवारी जेवण झाल्यावर त्याने टोपी काढून तिला मागणी घातली.

"मी एकदा फसले आहे," एर्सिलिया म्हणाली. "आता कुंडीवर या. पाणी काय म्हणतं ते बघू, मग सांगेन."

"आणि ठसका लागला तर पाण्याने नकार दिला असं समजायचं," स्वयंपाकघरातून क्लेलिया ओरडली. हा नियम तिने त्याच क्षणी तयार केला होता. पण एर्सिलियाने मान हलवली, आणि नियम झाला.

मंगळवारी सकाळी साडेसातला दोघं चौकात पोचली. थंडीमुळे गर्दी नव्हती. नगरपालिकेचा एक शिपाई हात चोळत फेऱ्या मारत होता, तेवढाच. पाण्याचा आवाज कानावर आला आणि एर्सिलियाने कुंडीचा काठ घट्ट धरला.

"डावी धार तुमची की माझी?" नाझारेनोने विचारलं.

"कुठलीही घ्या. तीन म्हटलं की प्यायचं. एक, दोन..."

आता, रोमच्या वस्त्यावस्त्यांत लोखंडी नळ आहेत. तोटी मोठ्या नाकासारखी, म्हणून त्यांना सगळे नाकाड्याच म्हणतात. नाकाड्याची तोटी बोटाने खालून दाबली, की वरच्या भोकातून पाणी उसळतं आणि न वाकता पिता येतं. रोमच्या पोराला हे चालायच्या आधी येतं. नाझारेनोची कंबर धरलेली, आणि डोक्यात नुसती एर्सिलिया. "तीन" ऐकलं आणि साठ वर्षांच्या सवयीने त्याच्या बोटाने धार दाबली.

त्या दगडी कुंडीच्या तोटीला वर भोक नव्हतं.

पाणी पंख्यासारखं फाकलं. एर्सिलियाच्या तोंडावर, केसांवर, खास घातलेल्या निळ्या कोटावर, आणि तिच्यावरून उडून, नेमका मागे येऊन उभ्या राहिलेल्या शिपायावर.

"अरे गाढवा!" एर्सिलिया किंचाळली. "काय केलंस हे! काढ ते बोट!"

नाझारेनोने बोट काढलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. पाणी उडतच होतं.

"तू मला तू म्हणालीस," तो म्हणाला.

"बोट काढ म्हणाले!"

त्याने बोट काढलं. दोघं निथळत उभी राहिली. एर्सिलियाला हसू फुटलं. दाबायला गेली तर नाकातून आलं. हसता हसताच तिने त्याची बाही ओढली, दोघं वाकली, दोन धारांना दोन तोंडं लागली. दुसऱ्या घोटाला तिला असा सणसणीत ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं.

नाझारेनोचा चेहरा उतरला. तिची पाठ थोपटत तो हळूच म्हणाला, "लागला की. म्हणजे... नाही?"

एर्सिलियाला आठवत होतं, ग्वाल्तिएरोबरोबर ते पाणी कसं लोण्यासारखं उतरलं होतं. एक थेंब वाकडा गेला नव्हता. कुणी हसलं नव्हतं.

"बाई," शिपायाने टोपी झटकत दरडावलं, "हा माणूस तुमचा कोण?"

तिने नाझारेनोकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवरून पाणी टपकत होतं आणि शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे त्याचे हात खाली लोंबत होते.

"नवरा," ती म्हणाली. "म्हणजे व्हायचाय अजून. पण ओरडा तुम्ही त्याला, आजपासून परवानगी आहे."

शिपाई ओरडला, चांगला पाच मिनिटं. नाझारेनो प्रत्येक वाक्याला "हो साहेब, हो साहेब" म्हणत होता, आणि इतका खूश होता की शेवटी शिपायालाच अवघडल्यासारखं झालं.