दुसरी नळी

एकावर एक दोन नळ्यांची बंदूक खांद्याला लावून मी "पुल!" म्हणून ओरडले, की मातीची तबकडी आकाशात सुटते. इथे तिला कबुतर म्हणतात. सुरुवातीला माझे सगळे बार तिच्या मागून गेले. शिकवणारे निवृत्त सुभेदार म्हणाले, "बाई, ती आहे तिथं नाही, जाणार आहे तिथं मारा." मग एकही वाचली नाही.

"उपजत हात आहे तुमचा!"

उपजत कसला, सराव आहे. परवा जेवताना लेक घुटमळत होती. "बोल ना मोकळेपणानं," मीच म्हटलं. ती "आई, तो..." म्हणाली आणि वाक्य कुठे निघालंय ते मला कळलं.

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

ती भरल्या ताटावरून उठली. माझी दुसरी नळी अजून भरलेलीच होती. ती दाराशी पोचायच्या आत मी म्हटलं, "त्याला तू नकोयस, हा फ्लॅट हवाय."