डावा हात

अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करत होतो तेव्हा सकाळच्या बसला एक गोरी, पन्नाशीची बाई रोज भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. बर्फ पडो, बस लेट होवो, तिची चौकशी ठरलेली. झोप झाली का? आई बरी आहे ना? बाबा? बहीण? मी 'फाइन, फाइन' म्हणत इअरफोन घालायचो. नागपूरची माझी मावशीसुद्धा इतकं विचारत नाही.

एकदा वैतागून म्हटलं, "रोज काय तेच विचारता?"

ती हसली. तरुणपणी ती आफ्रिकेत, गांबियातल्या एका मांडिंका जमातीच्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून गेली होती, तिथल्याच एका कुटुंबात राहायची. पहिल्या सकाळी उठल्या उठल्या तिनं अंगणात जाऊन बादली मागितली. त्या घरातल्या आईनं तिला खोलीत परत पाठवलं आणि पुन्हा बाहेर यायला लावलं. "आधी माणसांची चौकशी, मग बादलीची."

पुढे मला कॅलिफोर्नियात जॉब लागला. शेवटच्या दिवशी तिनं हातमोजा काढून डावा हात पुढे केला. मी बिचकलो. आमच्याकडे डाव्या हातानं प्रसादही घेत नाहीत, मी म्हटलं.

"मांडिंकांकडेही चालत नाही," ती म्हणाली. "म्हणूनच लांब जाणाऱ्याला मुद्दाम डावा देतात. ही चूक सुधारायला त्याला परत यावंच लागतं. मी निघाले तेव्हा त्या आईनं मला डावाच दिला."

"मग गेलात परत?"

तिनं हातमोजा परत चढवला. स्टॉप आला तशी उठली.

"आईला विचारलंय म्हणून सांग," म्हणाली आणि उतरली.