खड्डे खणणारा पाहुणा

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, गुळाचा हंगाम ऐन भरात असताना, आमच्या शाहूपुरीतल्या घरी एक ऑस्ट्रेलियन म्हातारा आला आणि घरातल्या कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मीही नाही.

खाली सासऱ्यांची गुळाची अडत, वर घर. त्या दिवसांत ढेपांचा ऊबदार, किंचित करपट वास जिन्यावरून चढून उशांच्या अभ्र्यांत शिरायचा. त्या वासात त्या दुपारी दुसराच एक वास मिसळला, निलगिरीच्या तेलाचा आणि जुन्या लोकरीचा. उंबऱ्याबाहेर रुंद काठाची टोपी छातीशी धरून तो उभा होता. उंच, वाकलेला, कातडीवर तांबूस ठिपके. त्याने एक नाव उच्चारले. उच्चार मोडका होता, तरी कळण्यासारखा होता. ते माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचे नाव होते, आणि आमच्या घरात ते मोठ्याने घेतले जात नसे.

हे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर सिंगापूरला गेले आणि जपान्यांच्या कैदेत सापडले. पुढे सरकारकडून कळले ते एवढेच, की बेपत्ता. मेले असे कुणी सांगितले नाही, परतही कुणी आणले नाही. त्यांची बायको तेव्हा अजून परकरातून लुगड्यात येत होती. आता ती सत्तरीला टेकली होती. मूल नव्हते, पण सगळे घर तिला कानडी वळणाने अव्वा म्हणायचे. अव्वांच्या कपाळावर भस्माच्या पट्ट्यांखाली रुपयाएवढे कुंकू असे, हातात हिरव्या बांगड्या आणि गळ्यात डोरले.

त्या कुंकवाकडे बायका कशा पाहतात, ते लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हळदीकुंकवाला माझ्या लक्षात आले होते. यजमानीण रांगेने सगळ्यांना कुंकू लावत येई आणि अव्वांसमोर तिचे बोट क्षणभर हवेत थांबे. लावावे की नाही? बाई सवाष्ण आहे की नाही? मग ते बोट घाईने टेकून पुढे सरके, किंवा करंडाच पुढे जाई. अव्वा डोळे मिटून बसलेल्या असत. मला वाटे, त्या बोटाची सावली त्यांना पापण्यांवर कळत असेल.

त्यामुळे पाहुण्याने नाव घेतल्यावर घरात कुणालाच आनंद झाला नाही. अशी माणसे आधीही येऊन गेली होती. माझ्या लग्नापूर्वी एक भगवा बुवा आला होता. ब्रह्मदेशात मी त्यांना पाहिले, तिथे त्यांनी संसार मांडला आहे, असे सांगत तो महिनाभर अव्वांच्या हातच्या भाकरी खात राहिला. एका सकाळी देवघरातली चांदीची समई घेऊन तो गेला. त्यानंतर कितीतरी दिवस अव्वांनी समोरच्या खिडकीची दारे उघडली नव्हती.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाहुण्याला चहा दिला आणि मला बाजूला बोलावले. मी मराठीची एम.ए.; इंग्रजी कवितेपुरते आणि कामापुरते येणारे. तरी घरात दुभाषी म्हणून मीच.

“एवढ्या वर्सांनी कोण कुणाच्या भावाची चौकशी करतंय?” मामंजी म्हणाले. “गावातली माणसं करंनात, आन् ह्यो समुद्र ओलांडून आला व्हय? त्याला काय पायजे ते इचार. आन् वैनींच्या म्होरं काय बोलू नको म्हणाव.”

मिशनरी असेल, जुनी पदके विकत घेणारा असेल, कागलच्या शेतावर अजून भावाचे नाव आहे ते कुणी त्याला सांगितले असेल, असे त्यांचे तर्क चालले होते. मी विचारले. पाहुणा म्हणाला की मी न्यू गिनीच्या बेटावर सैन्यात होतो, आणि मला त्या माणसाच्या पत्नीशी बोलायचे आहे, फक्त तिच्याशी. माजी सैनिकांच्या कचेरीतल्या एका कारकुनाने त्याला त्या नावाची दोन घरे काढून दिली होती, एक मलकापूरचे आणि एक आमचे. मलकापूरला तो जाऊन आला होता. तिथे काय झाले, हे मात्र तो सांगेना.

तो तीन वेळा आला. एखाद्या कवितेत खोटी ओळ कुठे आहे ते शोधावे तशी मी त्याला ऐकत असे. पहिल्या दिवशी तो म्हणाला की मी लष्करात ट्रक चालवत होतो. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता म्हणाला, मेलेल्यांना पुरणाऱ्या तुकडीत होतो. मी ते विसंगतीचे टोक पकडून मामंजींच्या हवाली केले, आणि त्यांनी मान अशी हलवली की जणू चोर सापडला. पाहुण्याला मी ते तोंडावर विचारले, तेव्हा त्याने खुलासा केला. चिखलात ट्रक चालेनासे झाले. तो मूळचा कोरड्या, सपाट मुलखातला. मेंढ्यांच्या कुरणांना कुंपण घालायचे, म्हणजे दिवसभर खांबांसाठी खड्डे खणायचे, हे त्याचे पोरवयापासूनचे काम. अधिकाऱ्याने विचारले, खणायला कुणाला येते? त्याने हात वर केला. युद्धात मी कुणाला मारले की नाही, मला ठाऊक नाही, तो म्हणाला; पुरले मात्र पुष्कळ. परत गेल्यावर पुन्हा कुंपणेच घातली. लग्न केले, मुली झाल्या, बायको गेली. एवढेच आयुष्य. सांगताना त्याची नजर आतल्या दाराकडे होती, जिथे पडद्याआड हिरव्या बांगड्यांचा आवाज येऊन थांबत असे.

तोही आम्हाला जोखत होता, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

त्या दिवशी अव्वा पडदा सारून बाहेर आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. मामंजींना त्यांना आत पाठवता येईना. पाहुणा उठून उभा राहिला, पुन्हा बसला, आणि त्याने मला एक प्रश्न विचारला. मी तो ऐकला आणि हातातले कपबश्यांचे ताट खाली ठेवले. तुमच्या घरात माणूस मेल्यावर त्याचे तुम्ही काय करता?

कुंकू लावलेल्या बाईसमोर, तिच्या घरात, चहाच्या वेळी. मी प्रश्न गिळून टाकला होता, पण मामंजींनी माझा चेहरा वाचला आणि खोदून विचारले. मी सांगितल्यावर ते इतक्या वेगाने उभे राहिले की धोतराचा सोगा त्यांच्या पायात अडकला.

“ऊठ म्हणाव त्याला,” ते म्हणाले. “मड्याच्या गोष्टी करायला आलंय. वैनी, तुमी आत जावा.”

“का जाऊ?” अव्वा म्हणाल्या. “पावणं मलाच इचारत्यात न्हवं?”

मामंजी माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात बोलू लागले. ते रागावलेले नव्हते, भ्यालेले होते. पुढच्या महिन्यात नातीचे, माझ्या मोठ्या पुतणीचे, लग्न होते. घरातल्या सगळ्या लेकीसुनांच्या पहिल्या ओट्या अव्वांनीच भरल्या होत्या. हा माणूस काय सांगणार ते आता त्यांच्या ध्यानात आले होते, आणि एकदा ते बोलले गेले की अव्वांच्या कपाळावरचे कुंकू, ती पहिली ओटी, सगळेच त्या एका वाक्यात जाणार होते. “त्यो काय बी सांगू दे,” ते म्हणाले, “तू वैनींना सांग, त्याला काय ठावं न्हाय. चुकीच्या घरी आलंय म्हणाव. ऐकलंस?”

मी पाहुण्याकडे वळले, आणि उत्तर द्यायचे सोडून कपबश्या गोळा करू लागले. रस्त्यावर ढेपा उतरवणाऱ्या हमालांची आरोळी तेवढी ऐकू येत होती.

त्याने थोडी वाट पाहिली. मग खुर्चीचा हात धरून तो खाली उतरू लागला. गुडघे वाजले. एक पाय त्याने हातांनी उचलून दुमडला, मग दुसरा, आणि आमच्या थंड शहाबादी फरशीवर तो मांडी घालून बसला. पाठ ताठ केली. डोळे मिटले. उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि डावा तळहात उताणा करून मांडीवर, पोटाजवळ धरला. त्या तळहाताच्या खोलगटात त्याने उजव्या हाताच्या दोन बोटांनी काहीतरी न दिसणारे ठेवले, जांभळाएवढे असावे असे, आणि मूठ हलकेच मिटली. मग तो तसाच बसून राहिला.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मातीत बसवतात, जिवंतपणी पूजेला बसतो तसे, मांडी घालून, आणि जन्मभर गळ्यात वागवलेले इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. हे त्या माणसाला कुठल्या कचेरीत सांगितले असते? मलकापूरच्या घरी त्याने हाच प्रश्न विचारला होता, आम्ही जाळतो असे उत्तर आले, आणि तो उठून आला होता, हे त्याने मागाहून सांगितले.

मामंजी भिंतीला धरून खाली बसले.

अव्वा हलल्या नाहीत. त्या पाहुण्याच्या डाव्या हाताकडे पाहत होत्या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “इचार त्याला. आता समदं इचार. आन् पोरी, तो बोलंल तसंच सांग.”

मी सांगत गेले. बेटाच्या आतल्या भागात, जपान्यांनी सिंगापूरहून मजुरीला नेलेल्या हिंदी कैद्यांची एक छावणी त्यांना सापडली होती. जपानी सोडून गेलेले. आत हाडे आणि डोळे तेवढे उरलेली माणसे. त्यांतल्या एकाला त्याने खांद्यावरून तंबूत आणले. ओल्या पोत्याएवढेही वजन नव्हते. त्या माणसाच्या बगलेत चिंधीत गुंडाळलेला एक काळा गुळगुळीत दगड होता. तो ठेवायची चांदीची डबी पहारेकऱ्यांनी काढून घेतली होती, पण दगड त्याने कैदेची सगळी वर्षे लपवला होता. काही दिवस तो जगला. कैद्यांत थोडे इंग्रजी येणारा पंजाबकडचा एक हवालदार होता, त्याच्याकडून नाव कळले आणि कोल्हापूर कळले. हिंदू असेल तर जाळा, असा अधिकाऱ्याचा हुकूम होता, आणि हवालदारही म्हणाला, हो, जाळतात. पण मरण्याच्या आदल्या दिवशी लाकडे आणताना पाहून त्या माणसाने मान हलवायला सुरुवात केली. हवालदाराला कळेना. तेव्हा तो स्वतःच, कुणीतरी पाठीला आधार द्यावा म्हणून हात करत, उठून बसला, आणि त्याने बसून दाखवले. आत्ता पाहुण्याने दाखवले तसेच.

“मग मी गोल आणि खोल खणलं,” पाहुणा म्हणाला. “खांबासाठी खणतात तसं. मला तेवढंच येत होतं.”

त्या जागेची नोंद झाली नाही. तुकडी पुढे हलली, नदीने काठ बदलला. हे सांगताना तो पहिल्यांदा माझ्याकडे न पाहता सरळ अव्वांकडे पाहून बोलला.

अव्वांचा संशय अजून संपला नव्हता. त्या पुढे सरकल्या. “तुजा कोण लागत हुता तो?” त्यांनी विचारले. “एवढा खड्डा कशापायी खणलास?”

पाहुणा म्हणाला, कोणी नाही. म्हणाला, बसून दाखवायला त्याला फार कष्ट पडले होते. ते पाहिल्यावर दुसरे काही करता आले नसते.

“इतक्या उशिरा का आलास?”

आधी वाटले, त्यांना कळवले असेलच, तो म्हणाला. मग म्हातारपणी वाटू लागले, कळवले नसेल तर?

अव्वांनी मान डोलावली. मग त्यांनी लुगड्याचा पदर ओला केला, स्वतःच्या जिभेने, मुलाचे तोंड पुसताना आई करते तसा, आणि कपाळावरचे कुंकू पुसून काढले. वरच्या भस्माच्या तीन पट्ट्या तेवढ्या राहिल्या. मामंजी, एवढा मोठा माणूस, हुंदके देत होते. लग्न होईस्तवर तरी थांबा, म्हणत होते. कुणाला कळणार हाय?

“भाऊजी, रडू नगा,” अव्वा म्हणाल्या. “इतकी वर्सं बायकांची बोटं माज्या म्होरं थांबल्याली बघितल्यात मी. मेलं तर मेलं, जितं तर जितं. आता कुणाचं बोट थांबायचं न्हाय.” मग जरा थांबून, कोरड्या आवाजात: “आन् आपल्यात विधवेचा विटाळ न्हाय म्हणून मठात भाषण ठोकता की तुमी. आता बघू.”

पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. निरोपाला कुणी मोठे शब्द वापरले नाहीत. अव्वांनी त्याला जेवू घातले. तो समोर पडेल ते खात गेला, ठेचासुद्धा, डोळ्यांतून पाणी वाहत असताना.

पुढच्या महिन्यात लग्न लागले. ओटीच्या वेळी पाट मांडला, नवरी येऊन बसली, आणि बायकांच्या घोळक्यात ती ओळखीची कुजबुज उठली. गोष्ट इचलकरंजीच्या व्याह्यांपर्यंत पोचली होती. नवऱ्या मुलाच्या आत्याने ओटीचे ताट आपल्याकडे ओढून घेतले आणि एका तरण्या सवाष्णीला हाक मारली. अव्वा दाराशी उभ्या होत्या. बांगड्या नव्हत्या, कपाळावर फक्त भस्म. त्या पुढे आल्या नाहीत, मागेही सरल्या नाहीत.

पुरुषांनी यायचे नसते अशा त्या खोलीत मामंजी आले. नारळ, खण, तांदूळ, हळकुंडे असलेले ते ताट त्यांनी आत्याबाईंच्या हातांतून अलगद घेतले. ते कुणाकडेच पाहत नव्हते. चेहरा लाल झाला होता, आणि ताट त्यांनी दाराच्या दिशेने पुढे केले होते.

“आधी वैनी,” ते म्हणाले.

आत्याबाई काहीतरी पुटपुटल्या. नवरीने मान वर करून पाहिले आणि स्वतःच पदर पसरला. अव्वा पुढे आल्या आणि त्यांनी ताटातल्या तांदळांनी ओंजळ भरून घेतली.