एकाच नावाचे दोन फोल्डर

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा कोरियन इंजिनिअर खैरानच्या साइटवर हार्ट अटॅकने गेला. त्याची बायको सामान न्यायला कुवेतला आली. ऑफिसात सगळे माझ्याशी जपून बोलत होते, पण मला काहीच वाटत नव्हतं. मी आयटीत, म्हणून त्याच्या मॅकवरचे घरचे फोटो तिच्या विंडोज लॅपटॉपवर टाकून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

कॉपी संपली आणि बघतो तर फोल्डरांची नावं फुटलेली. जिथे एक अख्खं अक्षर हवं, तिथे त्याचे तुकडे ओळीने सुटे उभे.

"हे काय झालं?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

मी समजावलं. कोरियन अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं. अख्ख्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्यातल्या व्यंजन-स्वरांनाही वेगळे क्रमांक असतात. मॅकने नावं सुटी करून ठेवली होती आणि तिच्या लॅपटॉपला ती जोडून दाखवता येत नव्हती.

"म्हणजे काही गेलं नाही ना?"

"नाही. सगळं आहे."

मी जोडणारा छोटा प्रोग्राम चालवला. नावं भराभर जुळली. एकच अडलं. त्या नावाचा फोल्डर तिच्या लॅपटॉपवर आधीपासून होता.

"मुलीचं नाव आहे," ती म्हणाली.

तिच्या फोल्डरमध्ये मुलीचे शाळेतले, समुद्रावरचे फोटो होते. त्याच्या फोल्डरमध्ये नुसते व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट. प्रत्येकात कोपऱ्यात तो, हसताना.

"दोन्ही एकत्र करू?"

"नको. त्याचा वेगळा असू दे." नावापुढे तिने एक शब्द टाइप केला.

"काय लिहिलंत?"

"बाबाकडचे."

मग तिने विचारलं, "तो दुपारी काय खायचा हो?"

"माझ्या डब्यातली भेंडी. स्वतःचा डबा मला द्यायचा."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि एसीच्या आवाजाकडे लक्ष देत बसलो.

संध्याकाळी फिंतासला घरी पोचलो. दारातच बायकोने विचारलं, "झालं का काम?"

"झालं."

"तू ठीक आहेस ना रे?"

"हो. भूक लागलीये."

तिने पाठीवर हात ठेवला. हात गरम होता, तेवढं मला कळलं. मी बूट काढले आणि जेवायला बसलो.