अनवाणी पायाचा मेकॅनिक

आमची जुनी पिकअप खारदांड्याची मासळी वाहायची. खाऱ्या पाण्याने तिचे ब्रेक सारखे ढिले पडायचे, आणि मग मी अंधेरीला एका मेकॅनिककडे जायचो. तो मालवणकडचा. गाडीत चढण्याआधी देवळाबाहेर काढावी तशी चप्पल काढायचा, डोळे मिटून अनवाणी पायाने पेडल दाबायचा. "चपलेक काय कळता?" म्हणायचा. मग ब्रेकच्या पाइपातली हवा काढायचा, गळती शोधायचा आणि पुन्हा पाय लावून बघायचा.

काम झालं की गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून थेट गाडीसमोर उभा राहायचा. "ये रे! माझ्यापासून वीतभर लांब थांबव!" मी दहा हात आधीच ब्रेक मारायचो, की हा भडकायचा. "माझ्या कामावर विश्वास नाय तुझो?"

एकदा मात्र मी गाडी सुरू केली तरी तो भिंतीकडे गेलाच नाही. बाजूलाच उभा राहून हात पुसत राहिला.

"पेडल तर झकास लागतंय," मी म्हणालो. "सोड ना, तिकडे मासळी खोळंबलीय."

"ब्रेकचो पायप आतून कुजलो हा. आज धरात, उद्या नाय."

"आजच्यापुरतं तरी जाऊ दे रे!"

त्याने खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली.

"जिच्यासमोर उभो रवाक माकाच भीती वाटता, ती गाडी लोकांच्या पोरांसमोर कशी सोडू?"